मुलगी कितव्या लेव्हलला आहे? जिम्नॅस्टिक्समधल्या पातळ्यांचा हिशेब

जिम्नॅस्टिक्सच्या क्लासबाहेर उभ्या असलेल्या पालकांमध्ये हल्ली हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "तुमची कितव्या लेव्हलला आहे?" हा प्रश्न यूट्यूबवरून आला आहे. तिथे अमेरिकेतली आठ वर्षांची मुलगी ‘लेव्हल फोर’चा संच (एका साधनावर सलग करायची कौशल्यांची मालिका) करताना दिसते आणि नाशिकच्या गंगापूर रोडच्या किंवा सिडकोच्या आईला वाटतं, आपल्याकडेही मुलीच्या नावापुढे असा काही आकडा लागत असणार. लागत नाही. नाशिकमध्ये शालेय स्पर्धेची प्रवेशिका भरताना मुख्य दोनच गोष्टी बघतात: जन्मतारीख काय, आणि शाळा कोणाच्या हद्दीत. मुलीला बारवर किप (लटकलेल्या स्थितीतून झोक्याने बारवर हातांच्या आधारात येणं) येते का, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

स्पर्धेची पातळी आणि कौशल्याची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत, आपल्याकडे सुट्या आहेत. म्हणून "राज्यावर खेळली" या वाक्यावरून त्या मुलीला काय येतं ते कळत नाही. कौशल्याची नोंद प्रशिक्षकाने आणि घरच्यांनी स्वतःच ठेवावी लागते.

आधी अमेरिकेची रचना, कारण तुलना तिच्याशीच होते. तिथे १ ते १० लेव्हल आहेत आणि त्यांच्या वर एलिट. १ ते ५ मध्ये संच ठरलेला असतो. देशभरातली प्रत्येक मुलगी त्याच क्रमाने तीच कौशल्यं करते, फ्लोअरवरचं संगीतसुद्धा तेच. ६ पासून संच आपला आपण बांधायचा, पण मोकळं रान नाही. त्या लेव्हलला परवानगी नसलेलं अवघड कौशल्य केलं तर त्याचे गुण मिळत नाहीतच, वर कापले जातात. प्रत्येक साधनाला १० पैकी गुण, चार साधनांचे (वॉल्ट, असमान बार, बीम, फ्लोअर) मिळून ४०, आणि वर सरकायला ठरावीक एकूण गुण मिळवून दाखवावे लागतात. याच्या शेजारी ‘एक्सेल’ नावाचा दुसरा मार्ग आहे: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, सफायर. आठवड्यातले इतके तास देता येत नाहीत, पण खेळायचं आहे आणि स्पर्धाही करायची आहे, अशा मुलींसाठी तो आहे. मला विचाराल तर आपल्याकडे सगळ्यात जास्त गरज याच मार्गाची आहे. शाळा, शिकवणी आणि क्लास सांभाळणाऱ्या बहुतेक मुली त्याच प्रकारात मोडतात.

आता लेव्हलचा आकडा म्हणजे नक्की काय, ते ४ आणि ५ वर बघू. लेव्हल ४ ला बारवर किप, बीमवर कार्टव्हील (हातांवरून बाजूने पालटणं), फ्लोअरवर राऊंड ऑफला (हातांवरून पालटून, वळून दोन्ही पायांवर उतरणं) जोडून दोन फ्लिक (मागे झेपावून हातांवरून पालटणं) आणि वॉल्टला टेबलवरून हँडस्प्रिंग (हातांवरून पुढे पालटणं). लेव्हल ५ ला फ्लोअरवर राऊंड ऑफ, फ्लिक आणि मागची सॉल्टो (हात न टेकता हवेतली कोलांटी). चारही साधनं एकत्र पुढे सरकतात, हा त्यातला खरा मुद्दा. फ्लोअर पाचचं आणि बार दोनचा, अशी मुलगी तिथे लेव्हल ५ ला उभीच राहू शकत नाही. आपल्याकडे अशा मुली सर्रास दिसतात.

आपला मार्ग वय आणि नकाशा यांवर चालतो. शालेय स्पर्धांचे तीन गट आहेत: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. वय ३१ डिसेंबरला मोजतात. उदाहरणार्थ २०२५-२६ च्या हंगामात १४ वर्षांखालच्या गटाला १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा जन्म हवा. म्हणजे डिसेंबरात जन्मलेली मुलगी त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या मुलीबरोबर उभी राहते. या वयात अकरा महिन्यांनी उंची, ताकद, सगळंच बदलतं. आपल्या जिल्ह्यात नाशिक महापालिका, मालेगाव महापालिका आणि उरलेला ग्रामीण भाग हे वेगवेगळे धरले जातात. त्यानंतर विभाग, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबारसोबत. राज्यात असे आठ क्रीडा विभाग आहेत. त्यांच्यातून राज्य, आणि राज्यातून राष्ट्रीय शालेय स्पर्धा.

या रचनेत एक फसगत आहे. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुली मुळात कमी, त्यामुळे जिल्हा आणि विभाग या दोन पायऱ्या अनेकदा फारशी चुरस न होताच पार होतात. मुलगी थेट राज्याला मुंबई, ठाणे, पुणे आणि संभाजीनगरच्या मुलींसमोर उभी राहते तेव्हा पहिल्यांदा खरी मोजणी होते. विभागाचं प्रमाणपत्र जपून ठेवावं, पण त्यावरून पुढच्या वर्षीचा सराव ठरवू नये.

संघटनेचा मार्ग याच्या समांतर चालतो: जिल्हा संघटना, राज्य संघटना, राष्ट्रीय महासंघाच्या वयोगट स्पर्धा. खेलो इंडिया २०१८ पासून आहे, २०१९ चा हंगाम पुण्याला बालेवाडीतच झाला होता. या वेगवेगळ्या स्पर्धांचे वयोगट एकमेकांशी जुळत नाहीत. शाळेकडून एका गटात आणि संघटनेकडून दुसऱ्या, असं होऊ शकतं, म्हणून दर वर्षीचं परिपत्रक पूर्ण वाचावं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर विसंबू नये. आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ गटात मुलगी ज्या वर्षी १६ पूर्ण करते त्या वर्षापासून खेळते. हा नियम १९९७ पासून आहे. त्यामुळे बाराव्या वर्षी "ऑलिंपिक" हा शब्द काढणाऱ्यांनी चार वर्षांची घाई सोडून द्यायला हरकत नाही.

प्रवेशिकेवर आर्टिस्टिक आणि रिदमिक हे वेगवेगळे खेळ आहेत. रिदमिकला वॉल्ट, बार, बीम नाहीत. हूप, बॉल, क्लब्स, रिबन घेऊन १३ बाय १३ मीटरच्या गालिच्यावर खेळतात. ठाण्याच्या संयुक्ता काळेमुळे महाराष्ट्रात रिदमिकला चांगले दिवस आले आहेत. पुढचं सगळं आर्टिस्टिकबद्दल.

गुण कसे पडतात

आपल्याकडच्या गुणदानाचा पाया आंतरराष्ट्रीय महासंघाची संहिता हाच आहे. लहान गटांना सवलती किंवा ठरलेले संच असतात, ते त्या वर्षीच्या पत्रकात दिलेले असतात. दहापैकी दहा ही पद्धत आंतरराष्ट्रीय पातळीवर २००६ साली संपली. आता दोन आकडे असतात. डी गुण म्हणजे संचात काय आहे त्याची किंमत, ई गुण म्हणजे ते कसं केलं. ई दहापासून सुरू होतो आणि चुकांप्रमाणे खाली येतो: छोटी चूक ०.१०, मध्यम ०.३०, मोठी ०.५०, पडली तर १.००.

डी मध्ये बार, बीम आणि फ्लोअरवर सर्वांत किमती आठ कौशल्यं मोजतात. कौशल्यांना अवघडपणानुसार अक्षरं आहेत: ए म्हणजे ०.१, बी म्हणजे ०.२, सी म्हणजे ०.३, असं पुढे. त्याखेरीज या प्रत्येक साधनाच्या चार अटी, प्रत्येकी ०.५ च्या. फ्लोअरच्या अटी अशा: दोन वेगळ्या उड्यांची जोडणी (त्यातल्या एकीत पाय १८० अंश उघडलेले), पूर्ण पीळ (हवेत शरीर स्वतःभोवती फिरणं) असलेली एक सॉल्टो, एक दुहेरी सॉल्टो, आणि पुढची व मागची अशा दोन्ही दिशांच्या सॉल्टो.

समजा तेरा वर्षांच्या मुलीकडे पुढची आणि मागची सॉल्टो आहे, स्प्लिट लीप आणि स्विच लीप या पाय फाकवलेल्या दोन उड्यांची जोडणी आहे, एका पायावरची पूर्ण फिरकी आहे. आठातली सात ए, एक बी. ०.७ अधिक ०.२ म्हणजे ०.९. अटी दोन पूर्ण, म्हणजे १.०. डी झाला १.९. बेताचं पण स्वच्छ केलं आणि अडीच गुण गेले तर ई ७.५, एकूण ९.४.

आता पालक किंवा प्रशिक्षक म्हणतात, पीळ घालू. मागची सरळ सॉल्टो पूर्ण पिळासकट ही बी. ती एका ए च्या जागी आली की ०.१ वाढतो, अट पूर्ण झाल्याचे ०.५ मिळतात, म्हणजे ०.६ चा फायदा. मोह पडण्यासारखाच आहे. पण पीळ अर्धवट राहिला तर पंच तो अर्धाच धरतात, अटीचे ०.५ गेले. पाय आधी न टेकता पडली तर कौशल्याची किंमतही नाही, अट नाही, आणि पडल्याचा १.०० वेगळा. हवेत गुडघे वाकले त्याचे ०.१० ते ०.५०, पाय सुटे झाले त्याचे ०.१० ते ०.३० आणखी. सरावात दहापैकी आठ वेळा उभं राहत नसेल ते कौशल्य स्पर्धेत घालू नये. हा आकडा कोणत्या पुस्तकातला नाही, पण वरच्या हिशेबात बसतो.

याहून मोठा खड्डा बारवर आहे. किंमत असलेली किमान सात कौशल्यं नसतील तर संच अपुरा धरतात. पाच-सहा असतील तर सरळ ४ गुण कमी, तीन-चार असतील तर ६ कमी. बारवर २.३ असा आकडा फळ्यावर लागला की प्रेक्षकांत कुजबुज होते, "पंचांनी मारलं." पंचांनी काही केलेलं नसतं. किंमत असलेली कौशल्यंच चार होती.

बार आणि किप

बार मागे का राहतो? आपल्या सभागृहांत फ्लोअर आणि मॅट असतात, बीमही असतो. असमान बार मात्र जागा खातात, तारांनी ताणून बसवावे लागतात, खाली गाद्या लागतात. वरचा बार २५० सेंटीमीटरवर, खालचा १७० वर, तिरकं अंतर १३० ते १८० सेंटीमीटर. सराव कमी होतो, म्हणून किप उशिरा येते. आणि किप आल्याशिवाय बारवर काहीच सुरू होत नाही, कारण प्रत्येक संचात लटकण्यातून आधारात येण्याचा रस्ता तोच आहे.

किप अशी मोडून शिकवावी. एक, ग्लाइड: खालच्या बारला धरून पाय जमिनीला न लागता पुढे, अगदी टोकाला गेल्यावर खांदे पूर्ण उघडलेले आणि कंबर सरळ. दोन, त्या टोकाला लगेच पायाची बोटं बारकडे. तीन, परतीच्या झोक्यात बार नडगीवरून मांडीपर्यंत सरकवत नेणं, पायजमा वर ओढतो तसं. चार, मनगट बारवर फिरवून खांदे हातांच्या पुढे.

बिघाडही याच क्रमाने ओळखता येतात. मुलगी बारखाली अडकून पडत असेल तर बहुतेक वेळा दुसरी पायरी उशिरा होते, बोटं बारला पोचायच्या आत झोका संपतो. कोपरं वाकवून ओढत असेल तर पोटाची ताकद कमी पडते, हातांची नाही. मांडीपर्यंत येऊन मागे पडत असेल तर मनगट फिरलेलं नसतं. "जोर लाव" ही सूचना या तिघींनाही निरुपयोगी आहे. किपला हात घालण्याआधी लटकून सरळ पायांनी बोटं बारला लावणं सलग १०, आधारात सरळ हातांनी ३० सेकंद आणि खांदे पुढे ठेवून १० कास्ट (आधारातून पाय मागे वर फेकणं), एवढं यायला हवं. हे येत असेल तर किप महिन्यांचं काम आहे, नसेल तर वर्षांचं.

हँडस्टँडचा (हातांवर उलटं सरळ उभं राहण्याचा) कोन हा बारवरचा दुसरा गळका नळ. उभ्या रेषेपासून १० अंशांच्या आत असेल तर कपात नाही, ३० पर्यंत ०.१०, ४५ पर्यंत ०.३०, त्याच्या पुढे ०.५०. रिकामा झोका घेतला की ०.५०. म्हणजे एक गडबडलेला कास्ट आणि एक जादा झोका यांत एक गुण जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं मुलगी पडली तर नाही.

बाकी तीन साधनं

बीम ५ मीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद, जमिनीपासून १२५ सेंटीमीटर. पडल्यावर परत चढायला १० सेकंद. बीमवर मुली अवघड कौशल्यापेक्षा साध्या चालण्यात, वळण्यात जास्त गुण घालवतात. प्रत्येक डुलणं ०.१० पासून ०.५० पर्यंत. जमिनीवरच्या बीमवर कौशल्य येणं आणि उंचीवर येणं यांत अंतर आहे. ते मध्यम उंचीचा बीम आणि बाजूला रचलेल्या गाद्या यांनी भरावं, गाद्या एकेक करून काढाव्यात. एकदम उंच बीमवर नेलं की मुलगी हात टेकायच्या आधी खाली बघायला लागते, आणि ती सवय जायला फार वेळ घेते.

फ्लोअरवर सगळं राऊंड ऑफवर उभं असतं. दुसरा हात पहिल्याच्या रेषेत सरळ पडला, वळून आला नाही, की राऊंड ऑफ तिरका जातो आणि पुढची फ्लिक मॅटच्या कडेला. रेषेबाहेर एक पाय ०.१०, दोन्ही ०.३०. फ्लिकमध्ये गुडघे पुढे जात असतील तर फ्लिकला दोष देऊ नका, राऊंड ऑफमधून पाय शरीराच्या मागेच राहिलेले असतात.

वॉल्टचं टेबल १२५ सेंटीमीटर, धावपट्टी जास्तीत जास्त २५ मीटर. लहान सभागृहात पंधरा मीटरही मिळत नाहीत, आणि मुली अखेरची तीन पावलं उसळीच्या बोर्डाजवळ तोकडी करायला शिकतात. मोठ्या मैदानात गेल्यावर पाऊल चुकतं, बोर्डाला न लागता मुलगी बाजूला जाते. अशी एक जादा धाव मिळते, पण १.०० कापून. उपाय साधा आहे: धाव फुटपट्टीने मोजून लिहून ठेवावी आणि अधूनमधून शाळेच्या मैदानावर बोर्डाशिवाय तेवढीच धाव काढावी.

भारताच्या मुलींची मोठी पदकं वॉल्टमधूनच आली आहेत. दीपा कर्माकर २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १५.०६६ गुणांसह चौथी, कांस्यपदकापासून ०.१५० ने दूर. अरुणा रेड्डी २०१८ च्या मेलबर्न विश्वचषकात कांस्य. प्रणती नायक आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य. वॉल्टमध्ये आठ कौशल्यं नसतात, एकच झेप असते, आणि अंतिम फेरीत दोन वेगळ्या झेपांची सरासरी. बारशिवायही ती घडवता येते. म्हणून "आपण वॉल्टच करू" असं अनेकांना वाटतं. दीपाचं उदाहरण घेताना दोन गोष्टी सोडू नयेत: तिची प्रोदुनोव्हा पुढची दुहेरी सॉल्टो असल्यामुळे उतरताना जमीन उशिरा दिसते, आणि तिच्या मागे बरीच वर्षं एकाच प्रशिक्षकाकडची शिस्त होती. दहा-बारा वर्षांच्या मुलीला एकाच साधनाला जुंपणं म्हणजे तिच्या घोट्याची आणि पाठीची बचत लवकर खर्च करणं.

नाशिकच्या मुलींची एक जमेची बाजू सांगायलाच हवी. मल्लखांबाचं नाव ज्यांच्याशी जोडलं जातं ते बाळंभटदादा देवधर आपल्याच जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे. दोरीच्या मल्लखांबावरून आलेल्या मुलींना पकड, लवचीक पाठ आणि उलटं राहण्याची निर्भयता आयती असते. त्यांना कमी पडतं ते धावणं, बोर्डावरची उसळी आणि उंचावरून दोन्ही पायांवर उतरणं. अशा मुलीला पहिले सहा महिने बारवर आणि उतरण्याच्या सरावावर ठेवलं की ती झपाट्याने पुढे जाते.

वयाबद्दल एक इशारा. १४ वर्षांखालच्या गटातून १७ च्या गटात जाण्याचा काळ आणि उंची वाढण्याचा काळ बहुतेक मुलींचा एकच असतो. पाय लांब होतात, आलेली फ्लिक बिघडते. त्या वर्षी नवीन कौशल्यं बंद ठेवली तरी चालेल. मनगटाच्या हाडावर, टाचेत किंवा गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखत असेल तर ते वाढीच्या जागेचं दुखणं असू शकतं. बाम लावून सराव चालू ठेवू नये, हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. पाळी लांबणं किंवा बंद होणं ही चांगल्या सरावाची खूण नव्हे, खाणं कमी पडत असल्याची असू शकते. त्यासाठीही डॉक्टर.

स्पर्धेच्या दिवशी

शालेय स्पर्धा बहुधा पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच येतात. दमट हवेत बार ओला लागतो, मॅग्नेशियमची पावडर चिकटते, आणि जास्त पावडर लावली की हाताची सालं निघतात. पावडर पातळ, आणि प्रत्येक वेळी आधीची पुसून. ग्रिप (तळहातावर बांधायचे चामडी पट्टे) नवीन घ्यायचे तर स्पर्धेच्या निदान महिनाभर आधी. घसरणारे नवे ग्रिप घालण्यापेक्षा उघडे हात बरे. हिवाळ्यात सकाळी सात वाजता हिरावाडीच्या संकुलात पोचलात तर नाशिकची थंडी लक्षात घेऊन वॉर्मअपला नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं जास्त धरा.

फ्लोअरचं संगीत ९० सेकंदांच्या आत, शब्दांशिवाय. गाण्याचे शब्द ऐकू आले की १.०० जातो. ढोलकीचा ठेका, हलगी, बासरी, सगळं चालतं. पेनड्राइव्हवर एकच फाइल ठेवा, दुसरी प्रत मोबाइलमध्ये. पोशाखाबद्दल घरात अडचण असेल तर पूर्ण पायांचा युनिटार्ड आंतरराष्ट्रीय नियमांत चालतो. टोकियो ऑलिंपिकला जर्मनीच्या मुलींनी तोच घातला होता.

साधनावर चढायच्या आधी आणि उतरल्यावर पंचांना हात वर करून नमस्कार करायचा असतो, विसरलं तर ०.३० जातात. आणि प्रशिक्षकांसाठी: मुलगी डगमगली म्हणून संच चालू असताना हात लावलात तर १.०० कापला जातो, आणि ते कौशल्य मोजलंच जात नाही. पण मानेवर पडत असेल तर हात लावायचाच.